शारदाबाईंच्या पाठीतलं सिमेंट

बायकोच्या पाठीत सिमेंट भरायचं आहे, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुकुंदरावांना वाटलं, डॉक्टर थट्टा करताहेत.

"सिमेंट म्हणजे... घराला लावतात ते?"

डॉक्टर श्रीवत्स वयानं लहान होते आणि कायम घाईत असायचे, पण माणूस चांगला. ते हसले आणि कानडीत म्हणाले, "ते नव्हे हो. हाडाचं सिमेंट वेगळं. टूथपेस्टसारखं घट्ट असतं. सुईतून मणक्यात सोडायचं. आत हळूहळू पसरतं आणि दबलेलं हाड सावरून धरतं. दुसऱ्या दिवशी अम्मा घरी."

मुकुंदरावांनी "सरी, सरी" म्हणत मान हलवली. समजलं होतं असं नाही. पण समोरच्या कॉम्प्युटरवर शारदाबाईंच्या पाठीचा काळापांढरा फोटो होता, आणि त्यातला एक मणका बाकीच्यांपेक्षा बुटका, वरून कोणी बसून चेपल्यासारखा दिसत होता. तो बघितल्यावर आणखी काही विचारायचं त्यांना सुचलंच नाही. शारदाबाई शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. दुखण्यापुढं त्यांना बोलायचीही ताकद नव्हती.

हे दुखणं दसऱ्याच्या आधी सुरू झालं. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरांत कानडी चालीरीती कधी शिरल्या ते कोणालाच सांगता येत नाही. मुकुंदरावांच्या बनशंकरीच्या घरीही दसऱ्याला बाहुल्या मांडायची चाल होती. त्या बाहुल्यांची पत्र्याची ट्रंक शारदाबाईंनी कोणाला हाक न मारता पलंगाखालून ओढली, उचलली, आणि "आई गं" म्हणून तिथंच खाली बसल्या. आधी सगळ्यांना वाटलं लचक भरली. तेल लावून झालं, शेकून झालं, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या गंगव्वानं निपाणीहून आणलेला कसलासा लेप लावून झाला. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि शारदाबाई भिंत धरून चालायला लागल्या. शेवटी के. आर. पुरमहून त्यांची मुलगी रूपश्री आली आणि आईचं काही एक न ऐकता तिला हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथं फोटो निघाले आणि तिथंच हे सिमेंट निघालं.

ऑपरेशनच्या दिवशी मुकुंदराव आणि रूपश्री बाहेर बाकड्यावर बसून होते. फार वेळ बसावं लागलं नाही. श्रीवत्स तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आले आणि म्हणाले, "छान बसलंय. पूर्ण भूल दिली नव्हती, जाग्याच होत्या अम्मा. फार धीराच्या आहेत."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी शारदाबाई कॉटवरून उतरल्या आणि कोणाचा हात न धरता खिडकीपर्यंत चालत गेल्या. मुकुंदराव बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर त्यांनी गल्लीत ज्याला त्याला थांबवून सांगितलं. चामराजपेटेत त्यांचं जुनं दुकान होतं, शिंप्यांना लागणारं अस्तर, गुंड्या, कॉलरीत घालायचं बक्रम विकायचं. आता ते पुतण्या चालवायचा आणि मुकुंदराव दुपारचे नुसते गल्ल्याशी जाऊन बसायचे. तिथंही आल्यागेल्या शिंप्याला त्यांनी ती कहाणी ऐकवली. "एक सुई! विश्वास बसणार नाही तुमचा. एक सुई, आणि बाई चालायला लागली."

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं.

एका पहाटे नळाला कावेरीचं पाणी सुटल्याचा आवाज आला म्हणून मुकुंदराव मोटर लावायला उठले, तर शेजारची जागा रिकामी. शारदाबाई बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत शाल गुंडाळून, ताठ बसून झोपल्या होत्या.

"अगं, इथं काय करतेस? दुखतंय का?"

"नाही. दुखत कुठंय?"

"मग?"

"बसून बरं वाटतं," एवढंच म्हणून त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दुखत असतं तर मुकुंदरावांना कळलं असतं. पण दुखत नव्हतं. चेहऱ्यावर कुठं आठी नव्हती, कण्हणं नव्हतं. महिनाभर जी बाई आडवं पडायला मिळालं म्हणून देवाचे आभार मानायची, ती आता पलंग असून खुर्चीत रात्र काढत होती.

मग आंघोळीचं. शारदाबाईंना पाणी कसं, तर वाफाळणारं लागायचं. गच्चीवरच्या सोलरचं पाणी कमी तापलं म्हणून त्या पाऊस आला तर ढगांनासुद्धा बोल लावायच्या. आता डिसेंबरची थंडी, आणि ह्या बादलीत जेमतेम कोमट पाणी घेऊन अंगावर ओतायच्या, कुडकुडत बाहेर यायच्या.

"सोलर बिघडला की काय?" मुकुंदरावांनी नळाखाली हात धरून बघितलं. पाणी कढत होतं.

"मला आता गरम सोसत नाही," शारदाबाई म्हणाल्या.

ऊनही सोसेनासं झालं. गंगव्वा गच्चीत तिखटाच्या मिरच्या वाळत घालून रोज वरून हाक मारायची, "काकू, या की वर, ऊन चांगलं पडलंय!" एरवी शारदाबाई तिच्याशी तासन्‌तास बोलत पाठ शेकत बसायच्या. आता त्या खालूनच काहीतरी निमित्त सांगायच्या. गंगव्वा एकदा जिन्यात मुकुंदरावांना गाठून म्हणाली, "काका, माझं काय चुकलं का? काकू रुसल्यात का माझ्यावर?" मुकुंदरावांनाच काही माहीत नव्हतं.

सगळ्यांत विचित्र होती ती उशी. शारदाबाई कुठंही बसल्या तरी उजव्या मांडीखाली एक उशी सरकवायच्या आणि डावीकडं कलून बसायच्या. जेवताना, टीव्ही बघताना, देवापुढं पाटावर बसतानासुद्धा. समोरून बघणाऱ्याला वाटावं, बाई आता पडतात. मुकुंदराव दोनचारदा म्हणाले, "अगं, नीट बस, तोल जाईल." त्यावर त्या फक्त "हूं" म्हणायच्या.

आणि एका संध्याकाळी, मुकुंदराव चहा पीत असताना, शारदाबाई त्यांच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, जरा इथं टकटक करून बघा."

"कुठं?"

"इथं. कमरेच्या वर. आता इथं, बाजूला. कसा आवाज येतो?"

मुकुंदरावांनी कप खाली ठेवला आणि बोटानं वाजवलं. "कसा म्हणजे? पाठीसारखा."

"दोन्हीकडं सारखा?"

"सारखाच की."

"नीट ऐका."

त्यांनी पुन्हा वाजवलं. आवाज सारखाच होता, किंवा नसेलही. पाठीचा आवाज कसा असतो हे त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. "सारखा आहे," ते म्हणाले. शारदाबाई आत निघून गेल्या. मुकुंदरावांचा चहा तसाच गार झाला.

त्यांच्या मनात जी भीती इतके दिवस दाराशी उभी होती ती त्या संध्याकाळी आत आली. त्यांच्या थोरल्या अक्काचं असंच सुरू झालं होतं. आधी तिनं चमचे लपवायला सुरुवात केली, मग दुपारीच दिवे लावायला, आणि शेवटी शेवटी ती मुकुंदरावांना मामा म्हणायला लागली होती. तिलाही कुठं दुखत नव्हतं, तीही विचारलं की असंच तुटक उत्तर देऊन बाजूला व्हायची. शारदाबाईंची पाठ बरी झाली आणि डोकं... पुढचा शब्द त्यांना मनातसुद्धा उच्चारवेना. घरात दोघंच. मुलगा सुनीलकुमार दूर पुण्याला, फोनवर बोलणार आणि ठेवून देणार. मुकुंदरावांनी रूपश्रीला फोन केला आणि घराबाहेर फाटकापाशी उभं राहून, आवाज खाली आणून सगळं सांगितलं.

रूपश्री रविवारी आली. तिनं मोबाइलवर काहीबाही वाचलेलं होतं. जेवणं झाल्यावर आईच्या शेजारी बसून तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "आई, आज वार कुठला गं?"

"रविवार. नाहीतर तू आली असतीस का?"

"आणि तारीख?"

शारदाबाईंनी तारीख सांगितली, तिथीही सांगितली.

"शंभरातून सात गेले, राहिले किती?"

"त्र्याण्णव. का गं, नोकरी गेली की काय तुझी? शिकवण्या घेतेस?"

रूपश्रीला हसू आलं. मुकुंदराव मध्येच म्हणाले, "अगं, पण आजची तारीख ती नाही ना?" आणि त्यांनी जी तारीख सांगितली ती दोन दिवसांपूर्वीची निघाली. मायलेकी दोघी त्यांच्याकडं बघायला लागल्या.

निघताना रूपश्री त्यांना फाटकापाशी म्हणाली, "अप्पा, आईचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. तुम्हीच फार विचार करताय."

"मग ती उशी?"

"विचारलं मी. म्हणाली, सवय." रूपश्रीनं फाटकाची कडी काढली. "ते मात्र मलाही कळलं नाही. पण डॉक्टरांनी महिन्यानं दाखवायला बोलावलंच आहे ना? तेव्हा त्यांना विचारा."

आता मुकुंदराव आधीपेक्षा जास्त गोंधळले. वेड लागलेलं नाही, दुखत नाही, रुसवा नाही, मग हे आहे तरी काय? दुकानात बसल्या बसल्या ते याच विचारात असायचे. एकदा एका शिंप्यानं काळं अस्तर मागितलं आणि त्यांनी पांढरं मापून दिलं.

आणि डॉक्टरकडं जायचा विषय काढला, तर शारदाबाई चक्क नाही म्हणाल्या.

"मला काही झालेलं नाही. मी कशाला येऊ?"

"अगं, दाखवायचं असतं. एक फोटो काढतील, झालं."

"फोटो नको." त्या इतक्या झटकन म्हणाल्या की मुकुंदराव चपापले. "फोटो काढला की काहीतरी दिसतं. दिसलं की मग पुन्हा कापाकापी. नको मला."

"काय दिसतं?"

शारदाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज यायला लागला. मुकुंदरावांना ती बोलणं संपल्याची खूण माहीत होती.

त्यानंतरच्या एका सकाळची गोष्ट. बाजारात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागले होते. शारदाबाई दिवाणावर बसून शेंगा सोलत होत्या, नेहमीसारख्या डावीकडं कलून. बाजूला सोललेल्या दाण्यांचं पातेलं होतं. त्या कललेल्या होत्या म्हणून पातेलंही कललं होतं, आणि त्यातून एकेक दाणा घरंगळून खाली पडत होता. मुकुंदराव वाकून दाणे वेचत होते. वेचले की पुन्हा पडायचे. पुन्हा वेचले, पुन्हा पडले. इतक्या दिवसांचं सगळं एकदम त्यांच्या डोक्यात गेलं.

"पुरे झालं हे आता," ते म्हणाले. "माणसासारखी बस." आणि त्यांनी त्या मांडीखालची उशी धरली आणि खसकन ओढली.

शारदाबाई किंचाळल्या. पातेलं उपडं झालं, दाणे घरभर. त्यांनी दोन्ही हातांनी दिवाणाची कड गच्च धरली आणि अंग होतं तसं डावीकडं रेटून धरलं.

"अहो, काय करता! तिकडं जाईल ना ते!"

"कुठं? काय जाईल?"

"सिमेंट!"

मुकुंदराव हातात उशी घेऊन उभे राहिले. त्यांना आधी हसू आलं, आणि ते थोडंसं हसलेही. मग त्यांनी शारदाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. ओठ पांढरे पडले होते. बाळंतपणातसुद्धा मुकुंदरावांनी त्यांना इतकं भ्यालेलं बघितलं नव्हतं.

ते त्यांच्याशेजारी बसले. "सांग बघू मला नीट."

मग शारदाबाईंनी सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी त्या पालथ्या पडलेल्या होत्या. जाग्या होत्या, पण थोडी गुंगी होती. पाठीत सुई गेल्याचं कळलं, दुखलं नाही. मग आतून एक ऊब यायला लागली, हळूहळू, कोणी पाठीत कोमट पिठलं ओतल्यासारखी. आणि वरून डॉक्टरांचा आवाज येत होता, कानडीत: पसरतंय, पसरतंय, सावकाश. मग एकदम: उजवीकडं चाललंय, उजवीकडं चाललंय, थांबवा, थांबवा! मग कोणीतरी म्हणालं, पुरे. मग सगळे गप्प झाले आणि त्यांना उताणं करून कॉटवर घातलं.

"त्यांनी ओतायचं थांबवलं हो," शारदाबाई म्हणाल्या. "पण आत गेलेलं कुठं थांबलं? ते जायचंच. काकवी सांडली की बाटली उभी केली म्हणून सांडलेली थांबते का? ती आपली जातच राहते, कपाटाच्या खाली, भिंतीच्या कडेला, उतार असेल तिकडं."

"अगं, पण..."

"घरी सोडताना मी त्या नर्सला विचारलंही. म्हटलं, ते आत अजून चालूच आहे का? ती म्हणाली, होय अम्मा, हळूहळू, दोनतीन आठवडे लागतील." त्यांचा आवाज बारीक झाला. "आडवं पडलं की ते सगळ्या पाठभर होणार. गरम पाणी घेतलं, उन्हात बसलं, की पातळ होणार. उजवीकडं आधीच गेलंय, म्हणून मी डावीकडं... आणि ते शेवटी घट्ट होणार ना? सिमेंटच ते. जिथं जाईल तिथं दगड होणार. एक दिवस उठायला जाईन, आणि उठताच येणार नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही अख्ख्या चामराजपेटेला सांगत सुटला होता, बाई चालायला लागली म्हणून."

मुकुंदराव म्हणाले, "अगं वेडे, ते केव्हाच घट्ट झालं असणार. तिथल्या तिथं."

"कोणी सांगितलं तुम्हाला? डॉक्टरांनी?"

डॉक्टरांनी असं काही सांगितल्याचं मुकुंदरावांना आठवेना. टूथपेस्टसारखं असतं म्हणाले होते. हळूहळू पसरतं म्हणाले होते. थांबतं कधी, ते म्हणाले नव्हते. निदान मुकुंदरावांनी ऐकलं नव्हतं. आणि टूथपेस्ट तर नळीत वर्षभर मऊच राहते. त्यांच्या डोळ्यांपुढं एकदम ते आलं: मणक्यांच्या फटींतून, बरगड्यांच्या कडेनं, काहीतरी पांढरं, घट्ट, कोणाला न दिसता वाट काढत चाललंय.

हातातली उशी त्यांनी हळूच परत शारदाबाईंच्या उजव्या मांडीखाली सरकवली.

शारदाबाईंनी ते बघितलं. "बघा," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही माहीत नाही."

मुकुंदरावांनी रूपश्रीला फोन लावला. ती ऑफिसात होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अप्पा, काहीतरीच काय! सेट होतच असणार ना ते."

"असणार म्हणजे? होतं की नाही?"

"होतच असणार," ती पुन्हा म्हणाली, पण पहिल्यापेक्षा हळू आवाजात. मग म्हणाली, "उद्याच जाऊ या. मी येते."

हॉस्पिटलात जाताना शारदाबाई गाडीत मागच्या सीटवर डाव्या दाराला टेकून बसल्या आणि मुकुंदराव त्यांच्या उजवीकडून, त्या वळणावर कलू नयेत म्हणून, खांदा लावून बसले. शहाण्या माणसानं असं करावं का, ते त्यांना कळत नव्हतं. पण तसं न करायचा धीरही होत नव्हता.

आधी फोटो काढला. मग आत बोलावलं. श्रीवत्स नेहमीसारखे घाईत होते. "कशा आहात अम्मा? दुखतंय?"

"नाही."

"उत्तम!" म्हणून ते लिहायलाच लागले. मुकुंदरावांनी घसा साफ केला.

"डॉक्टर, ते थांबलं का?"

"काय थांबलं?"

"ते... सिमेंट."

श्रीवत्सांनी पेन थांबवलं. त्यांनी आधी मुकुंदरावांकडं बघितलं, मग रूपश्रीकडं, मग शारदाबाईंकडं, ज्या त्यांच्यासमोर खुर्चीत डावीकडं कलून बसल्या होत्या. "थांबलं म्हणजे?"

मग रूपश्रीनं सगळं सांगितलं. खुर्चीतली झोप, कोमट पाणी, उशी. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी जे हसू येऊ घातलं होतं ते गेलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, पार शारदाबाईंच्या गुडघ्यांपाशी आणली, आणि पहिल्यांदाच घाई सोडून बोलायला लागले.

"अम्मा, हे सिमेंट म्हणजे एक पूड आणि एक पातळ औषध. दोन्ही आम्ही तिथंच कालवतो. कालवल्या कालवल्या ते ताकासारखं असतं. तेव्हा घातलं तर कुठल्याही शिरेत शिरेल, म्हणून आम्ही घालत नाही, वाट बघतो. मग ते घट्ट होत जातं. पेस्टसारखं झालं की घालायचं. हाड आतून भरीव नसतं, रस्कसारखं जाळीदार असतं. त्या जाळीतून हे सावकाश जातं, जिथं मोकळी जागा असेल तिथं आधी. कुठं जाईल ते आधी नक्की सांगता येत नाही. म्हणून आम्ही पडद्यावर बघत बघत थेंब थेंब सोडतो."

"मग ते उजवीकडं..."

"उजवीकडं एक शीर असते. तिच्या तोंडाशी ते जायला लागलं, म्हणून मी थांबवा म्हणालो."

"म्हणजे गेलं होतं," शारदाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "मी खोटं नव्हते सांगत."

"गेलं होतं, अम्मा. तीळभर. आणि तिथंच थांबलं. घातल्यावर ते आतल्या आत दगड व्हायला चहा करून प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. तुम्हाला जी ऊब लागली ना, ती ते घट्ट होतानाची. तुम्हाला उताणं करून कॉटवर घेतलं तेव्हा आत पातळ असं काहीच राहिलं नव्हतं."

"पण नर्स म्हणाली..."

"तिला वाटलं असेल तुम्ही आराम पडण्याबद्दल विचारताय. त्याला लागतात दोनतीन आठवडे." त्यांनी कॉम्प्युटर शारदाबाईंकडं वळवला. "हे बघा. हा त्या दिवशीचा फोटो. हा आत्ताचा."

दोन्ही फोटोंत एक पांढराशुभ्र डाग होता, कडेला वेडावाकडा, तव्यावर पडलेल्या पहिल्या घावनासारखा. एका बाजूला बारीक शेपूट. शारदाबाई पुढं झाल्या. त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि एका डागाच्या कडेकडेनं ते फिरवत नेलं, मग दुसऱ्याच्या. शेपटाशी बोट थांबलं. पुन्हा पहिल्यावर गेलं.

"हा आजचा?"

"आजचा."

"नक्की? उलटसुलट नाही ना झालं?"

श्रीवत्सांनी वर छापलेली तारीख दाखवली. शारदाबाईंनी ती मोठ्यानं वाचली. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला. मुकुंदरावांना वाटलं, इतके दिवस ह्या बाईनं पुरता श्वासच घेतला नव्हता.

"अम्मा," डॉक्टर म्हणाले, "आम्हाला विचारायचं ना तुम्ही."

"कोणाला विचारू?" शारदाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही सगळे माझ्या पाठीशी बोलत होता. माझ्या तोंडाशी कोण बोललं?"

श्रीवत्सांनी मान खाली घातली. मुकुंदरावांनीही खाली बघितलं, कारण ते वाक्य एकट्या डॉक्टरांना नव्हतं.

त्यानंतर सगळं लगेच पूर्वीसारखं झालं असं नाही. त्या रात्री शारदाबाई पलंगावर आडव्या झाल्या, पण बराच वेळ जाग्या होत्या, स्वतःच्या पाठीचा अंदाज घेत. दोन दिवसांनी त्या गच्चीत गेल्या, आणि गंगव्वानं "आलात का बाई एकदाच्या!" म्हणून त्यांना मिरच्यांच्या बाजूला बसवून घेतलं. हळूहळू घराला जुनी लय सापडली. मुकुंदरावांना मात्र मध्येच आठवायचं आणि गरगरल्यासारखं व्हायचं. एका घरात, एका ताटासमोर बसून, ती एका भीतीत होती आणि ते दुसऱ्या. आणि दोघांनाही एकमेकांची भीती दिसली नव्हती. असं कसं झालं, याचा विचार करायला लागलं की त्यांना कुठूनच शेवट सापडायचा नाही.

एकदा स्वयंपाकघरात शारदाबाई फोडणी करता करता म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं हो? मला वेड लागलं?"

मुकुंदराव दारात उभे होते. खोटं बोलावं असं त्यांच्या मनात आलं. "हो," ते म्हणाले. "अक्काचं झालं तसं वाटलं."

शारदाबाईंनी गॅस बारीक केला. "आणि तुम्ही तारीख वगैरे विचारायला मुलीला बोलावलंत."

"हो."

"मलाच का नाही विचारलंत?"

"विचारलं होतं की."

"काय करतेस, असं विचारलंत. दुखतंय का, असं विचारलंत. भीती वाटते का, असं कुठं विचारलंत?"

मग कढईकडं वळून शारदाबाई म्हणाल्या, "जा, कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन या. आणि चपला घाला, तसेच जाल."

ते गेले. भाजीच्या गाडीपाशी उभं राहिल्यावर त्यांना शंका आली, कोथिंबीर म्हणाली की कढीपत्ता? फोडणी चालली होती, म्हणजे कढीपत्ताच असणार. पण कोथिंबीर असंही ऐकल्यासारखं वाटत होतं. गाडीवाला दोन्ही जुड्या हातात धरून वाट बघत होता. मुकुंदरावांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"अगं, काय म्हणालीस नक्की?"

"दोन्ही आणा," शारदाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.